कोकण किनारा सहकुटुंब: ठरवली तेरा ठिकाणं, जमली सहा (आणि गाडी वाळूत)

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी. मागे इथेच विचारलं होतं की आई-बाबा (७० आणि ७४), बायको आणि दोन पोरं (थोरली ११, धाकटा ६) घेऊन पाच दिवसात कोकण किनारा कसा करावा. तुम्ही भरभरून सल्ले दिलेत, त्यातले निम्मे मी ऐकले नाहीत. आता जाऊन आलोय, तेव्हा हा धागा म्हणजे कबुलीजबाब समजा.

प्लॅन कागदावर झकास होता. एक्सेल शीट केलेली, ताम्हिणीतून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले, हर्णे, दाभोळ, गुहागर, हेदवी, मग जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी, प्रत्येकासमोर पोचायची वेळ, निघायची वेळ, किलोमीटर. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून प्रिंटआउट डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "यात भरती-ओहोटी कुठाय?" मी म्हटलं बाबा, आपण गाडीने चाललोय, होडीने नाही. हे वाक्य मला पुढचे पाच दिवस रोज ऐकायला लागलं.

निघायचं होतं साडेपाचला, निघालो पावणेआठला, का ते विचारू नका, ज्यांच्या घरी सहा वर्षांचं पोर आहे त्यांना माहीतच आहे. दिवेआगर-श्रीवर्धन तिथेच कटाप. हरिहरेश्वरला पोचलो दीड वाजता. देवळामागून पायऱ्या उतरून खडकावरची जी प्रदक्षिणेची वाट आहे तिच्यासाठी आलो होतो, आणि पायऱ्यांच्या शेवटी बघतो तर वाट नाहीच, पाणी. नुसतं पाणी नाही, आत घुसून आपटणारं पाणी. फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आत्ता नाय, आज तृतीया हाय ना, उद्या सकाळी या आठ-नवाला." मावशींना तिथीवरून कळलं, मला गूगलवरून कळलं नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त बघितलं माझ्याकडे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे बघितलं ते बघून वाटलं की बरं झालं आदल्या दिवशी पाणी होतं ते, नाहीतर धावत-पळत एक चक्कर मारून फोटो काढून निघालो असतो. खडकाला अशी जाळी पडलेली असते, मधाच्या पोळ्यासारखी, त्यात बोट घालून बघावंसं वाटतं. थोरलीने विचारलं हे कोणी कोरलं, म्हटलं मिठाने. खारं पाणी खडकाच्या बारीक भोकात जातं, वाळतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचे कण ढकलून बाहेर काढतात, असं हजारो वर्षं. धाकटा एका टीचभर डबक्याशी उकिडवा बसला तो उठेचना. आत एक शंख चालत होता. म्हणजे शंखात घुसलेला खेकडा. त्याला जरा सावली पडली की गप्प, सावली काढली की परत तुरुतुरु. वीस मिनिटं हा खेळ चालला. बाबा गुडघ्यामुळे पायऱ्यांवरच बसले होते, तिथून ओरडले, "नवाला पाणी फिरेल रे!"

मग बागमांडल्याहून वेश्वीला जंगलजेटीने (गाड्यांसकट खाडी ओलांडणारी फेरीबोट), सावित्री ओलांडून रायगडातून रत्नागिरी जिल्ह्यात. पोरांना समुद्रापेक्षा हेच जास्त आवडलं. मला गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली, मागे एक माणूस हाताने "अजून, अजून, अजून" करतोय आणि माझ्या आरशात फक्त खाडी दिसतेय.

वेळास. इथे दोन दिवस ठेवा हो, एक ठेवू नका. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, दोरी बांधलेली, दोरीमागे शंभरेक लोक, हॅचरीत (म्हणजे कासवांची अंडी पुरून राखतात त्या कुंपणात) कार्यकर्त्याने पिल्लं निघालीत का ते एकेक टोपली उचलून बघितलं, खाली काही नाही. शंभर लोकांनी एकदम "अरेरे" केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निम्मे लोक आलेच नाहीत, आणि शेवटच्या टोपलीखाली एक निघालं. एकच. ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू, तळहाताच्या निम्मं, काळपट राखाडी, अंगाला वाळू. सोडलं तर आधी पाच मिनिटं नुसतं पडून राहिलं, मग पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत निघालं, मागे वाळूवर बारीक झिपर उमटत गेली. पहिली लाट आली तिने त्याला उचलून उलटं मागे आणून टाकलं, परत सुरुवात. तीनदा. चौथ्यांदा गेलं. आई एवढा वेळ गप्प होती (हीच बातमी आहे), मग तिने त्या कार्यकर्त्याला विचारलं, "याची आई कुठंय?" तो म्हणाला ती अंडी घालून त्याच रात्री परत समुद्रात गेली, दीडेक महिना झाला. आई म्हणाली, "म्हणजे काय, घातली आणि गेली?" आणि नाश्त्याला मोदक खाताना सुद्धा ती त्या कासविणीवर रागावलेली होती.

तिसरा दिवस, दुपारी दोन. दापोलीकडचा एक किनारा, नाव सांगत नाही. वाळू टणक दिसत होती, आधीच दोन गाड्यांच्या खुणा होत्या, म्हटलं आपणही नेऊ खाली, बाबांना चालायला नको. पंधरा मीटर गेली आणि पुढचं डावं चाक बसलं. मी ॲक्सिलरेटर दिला, अजून बसलं. हे करू नका, चाक फिरवलं की ते स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. त्यात पाणी चढत होतं. बाबा खिडकीतून म्हणाले, "पंचमी. पावणेचारला पूर्ण भरती." शेवटी होड्यांकडची चार-पाच माणसं आली, एकाने चारही चाकांची निम्मी हवा काढली, दुसऱ्याने हाताने चाकापुढची वाळू उपसली, झावळ्या आणून चाकाखाली कोंबल्या, दोन फळ्या टाकल्या, "पयल्या गेरात, हळू, एकदम नको," आणि मागून रेटा. निघाली तेव्हा पाणी वीसेक पावलांवर होतं. पैसे घेईनात. त्यातला म्हातारा एवढंच म्हणाला, "पुढल्या टायमाला वर लावा." मग संध्याकाळी हर्णे बंदरावर लिलाव बघितला, होड्या लांब नांगरलेल्या आणि मासळी बैलगाडीतून पाण्यातून किनाऱ्यावर येते, ते बघून धाकटा म्हणाला, "बाबा, त्यांची गाडी बघ, अडकत नाही." असो.

चौथ्या दिवशी दाभोळ-धोपावे जेटी, गुहागर, आणि हेदवीची बामणघळ. अकरा वाजता पोचलो. व्हिडिओत बघितलेलं की खडकाच्या चिरेतून पाणी उंचच्या उंच उसळतं. आम्ही बघितली ती एक कोरडी चीर. तळाशी थोडं पाणी, आणि एक चप्पल. भर ओहोटी! मग मागे फिरून पालशेतला आईच्या मावसबहिणीकडे जेवायला, तिथून सुटका साडेसहाला, तवसाळला पोचलो तर जयगडची शेवटची जेटी गेलेली. काठावर उभं राहिलं की पलीकडे जयगडचे दिवे दिसतात, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. आणि आम्ही राई-भातगावच्या पुलावरून जाकादेवीमार्गे वळसा घालत साडेदहाला मालगुंडला.

पाचव्या दिवशी सकाळी केशवसुतांचं घर, पुळ्याचं दर्शन, आणि घरी जाता जाता उक्षीचा कातळावर खोदलेला हत्ती, तोही भर दुपारी, धड दिसला नाही. मग आंबा घाट, कोल्हापूर, रात्री एकला घर. विचारा काय विचारायचं ते.

लांबचा_वळसा

"शेवटच्या टोपलीखाली" 👌👌 आणि तुमच्या बाबांना साष्टांग नमस्कार. त्यांचा आयडी काढून द्या इथे.

खाडीकाठी

छान लिहिलंय. भरती काढायला ॲप लागत नाही हो, बाबांना विचारा त्यांना हे येत असणार. तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीया म्हणजे तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती, दुपारी पण आणि रात्री पण. सहा तास पुढे-मागे ओहोटी. पंचमीला पावणेचार, बरोबर सांगितलं त्यांनी. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. थोडं इकडे-तिकडे होतं, खाडीत आत गेलात की उशिरा भरतं, पण फिरायला जाणाऱ्याला पुरे.

आता तुमची बामणघळ. तुम्ही चुकीच्या वेळी तर गेलातच, पण चुकीच्या तिथीलाही गेलात. षष्ठी-सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात. घळीतलं पाणी उसळताना बघायचं तर उधाण पाहिजे. उलट डबक्यातले जीव बघायचे असतील तरी उधाणाचेच दिवस पण ओहोटीची वेळ, कारण तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात.

मुक्कामपोस्ट

@खाडीकाठी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "एवढं एक्सेलमध्ये घालता येत नव्हतं का?"

साडेचारला त्या दिवशी भरती होती म्हणजे, आणि साडेचारला आम्ही पालशेतच्या पडवीत आडवे होतो, घळीपासून फार लांब पण नाही. जाऊ दे.

समुद्रशेवाळ

कासवाचं वाचून छान वाटलं, पण गाडीचं वाचून राहवत नाही म्हणून लिहिते, राग मानू नका. किनाऱ्यावर गाडी नेऊ नये हे फक्त गाडी अडकते म्हणून नाही. वेळास, आंजर्ले, दाभोळ, गुहागर ही सगळी कासवं येणाऱ्या किनाऱ्यांची रांग आहे. मादी रात्री वर येते, भरतीच्या रेषेच्या वर फूट-दीड फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, बुजवते आणि जाते. वरून काही दिसत नाही. सगळीच घरटी हॅचरीत नेलेली असतात असं नाही, एखादं सुटतं. त्यावरून चाक गेलं की वाळू दाबली जाते, आतल्या पिल्लांना वर येता येत नाही. आणि चाकाने पडलेली चाकोरी आपल्याला चार बोटं, पिल्लाला ती दरी. त्यात पडलं की समुद्राकडे जायच्या ऐवजी चाकोरीतूनच चालत राहतं, मग कावळे आहेतच.

दुसरं, तुमच्या आईंचा प्रश्न फार आवडला. आई नसते म्हणूनच तर तिथली माणसं आहेत. वेळासला २००२ पासून हे काम चालू आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास उकरून नेत, उरलेली कोल्हे-कुत्री खात. अंडी उचलून हॅचरीत परत तेवढ्याच खोलीवर, तशाच आकाराच्या खड्ड्यात पुरतात. खोलीचं महत्त्व का, तर वाळू किती तापते त्यावर नर की मादी हे ठरतं. गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर.

मुक्कामपोस्ट

@समुद्रशेवाळ राग कसला, तुम्ही बरोबर आहात. "आधीच दोन गाड्यांच्या खुणा होत्या" हे लिहितानाच मला जरा चोरट्यासारखं झालं होतं. आता माझ्याही खुणा बघून चौथा कोणी उतरला असेल.

अजून एक कबुली. परत आल्यावर चौथ्या दिवशी गाडीत वास यायला लागला. मला वाटलं आईने हर्णेहून आणलेला सोडे-जवळा सांडला. सगळी मॅटिंग काढली. शेवटी मागच्या दाराच्या कप्प्यात धाकट्याची टोपी, टोपीत शंख, शंखात तो. तोच, हरिहरेश्वरचा. किंवा दुसरा कोणी. पोराला वाटलं होतं की तो झोपलाय.

समुद्रशेवाळ

अरेरे. लहान आहे, त्याला ओरडू नका. पण समजवा नक्की, हे खेकडे शंख स्वतः बनवत नाहीत, मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून त्यात राहतात, मोठे झाले की मोठं घर शोधतात. म्हणून रिकामे शंख पिशव्या भरून आणणं पण टाळा. आपल्याला शोकेसची वस्तू, तिथे घरांची टंचाई. शंख उचललाच तर उलटा धरून मिनिटभर हलू न देता थांबायचं, आत कोणी असेल तर पाय बाहेर येतात. मग होता तिथेच, त्याच डबक्यात.

घाटावरची_सून

वाचतेय. आम्ही मे महिन्यात जायचं म्हणतोय, सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी. कासवं मिळतील का? आणि जेटीवर गाडीतच बसून राहिलं तर चालतं का, सासूबाईंना पाण्याची भीती आहे.

खाडीकाठी

@घाटावरची_सून कासवांसाठी मे म्हणजे उशीर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिल बरा. आधी गावात फोन करून घरटी किती बाकी आहेत विचारा आणि मगच निघा, आणि मिळतील असं धरून जाऊच नका, मुक्कामपोस्टना एक मिळालं तेही नशीब. जेटीत गाडीत बसून राहतात लोक, पण मी म्हणेन काचा खाली ठेवा, हँडब्रेक ओढा आणि शक्यतो उतरून कठड्याला उभं राहा. सासूबाईंना सांगा पलीकडचा काठ बघत राहायचं, खाली पाणी बघायचं नाही. शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा. चार जेट्या आहेत, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चारही जोडल्या की रस्त्याचे कितीतरी तास वाचतात, पण एक हुकली की सगळे वाचलेले तास परत जातात.

रंगीत_काजू

एवढं गेलात तर विजयदुर्ग का नाही केलात? हेलियमचा शोध १८६८ साली तिथे लागला, ग्रहण बघायला बांधलेले साहेबाचे ओटे अजून आहेत. पोरांना हे दाखवायला पाहिजे.

लांबचा_वळसा

@रंगीत_काजू विजयदुर्ग बघावाच, पण हे जरा तपासून घ्या. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यांसेनने बघितलं ते गुंटूरहून. तुमचा साहेब, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, तेव्हा इंग्लंडात होता, त्याने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिकडूनच बघितली, ग्रहणाशिवाय. तो विजयदुर्गला आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. आणि तोवर १८९५ मध्ये रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने हेलियम प्रयोगशाळेत धरून दाखवला होता. सुर्व्या घरी, पाहुणा दारी असा प्रकार.

रंगीत_काजू

सुर्व्या घरी काय असतं ते कळलं नाही पण मुद्दा कळला. दरवर्षी पोस्ट फॉरवर्ड करत होतो राव.

लांबचा_वळसा

मला पण नाही माहीत, आजी म्हणायची.

सडा_आणि_सावली

उक्षीबद्दल. दुपारी बाराला कोणीही कातळशिल्प बघायला जाऊ नये, गाईडनेसुद्धा. ही चित्रं जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) खोदलेल्या रेघा आहेत, रेघ दिसते ती तिच्या कडेच्या सावलीमुळे. डोक्यावर सूर्य असला की सावलीच नाही, सगळा सडा एकसारखा तांबडा-काळा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, तिरपं ऊन पडलं की हत्ती आपोआप उठून उभा राहतो. आणि जवळ उभं राहून कळत नाही, थोडं उंचावरून बघायचं. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात अजून प्राणी कोरलेत, आपण त्याच्यावर उभे असतो आणि विचारतो हत्ती कुठाय.

देवाचे गोठणेला एक मनुष्याकृती आहे, तिथे होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर दाखवायची सोडून भलतीकडेच जाते. पोरांना घेऊन जा, खिशात साधं होकायंत्र ठेवा. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, त्यामुळे आता लोक यायला लागलेत, फक्त चपला-बूट काढून, रेघांवर पाय न देता फिरा एवढीच विनंती. खडूने रेघा रंगवू तर अजिबात नका, फोटोसाठी करतात लोक.

घाटावरची_सून

@मुक्कामपोस्ट गणपतीपुळ्याला पोरांना पाण्यात सोडलंत का?

मुक्कामपोस्ट

@घाटावरची_सून नाही. गुडघाभर सुद्धा नाही. तिथे वाळू पायाखालून एकदम उतरते आणि ओढ जबरदस्त आहे, दर सीझनला कोणी ना कोणी जातं, पाट्या लावल्यात, शिट्ट्या वाजवतात, तरी लोक जातात. पोरांना पाणी गुहागरला दिलं, उथळ आणि लांबलचक आहे, तेही पाणी चढत असताना, उतरत असताना नाही. (हो, बाबांनी सांगितलं.)

बाकी @सडा_आणि_सावली, हे आधी का नाही लिहिलंत! थोरलीने मात्र त्या दुपारीसुद्धा सोंड शोधली होती, पाणी ओतून. बाटलीतलं थोडं पाणी रेघेजवळ सांडलं तर ते रेघेतून वाहत गेलं आणि सोंड ओली होऊन काळी दिसली. मुद्दाम नाही, बाटली पडली. हे चालतं का?

सडा_आणि_सावली

साधं पाणी आहे, वाळून जातं, एवढ्याने काही होत नाही. पण सवय करू नका, तुमचं बघून मागचा कोल्ड्रिंक ओततो.

मुक्कामपोस्ट

शेवटचं एक. बाबांनी कॅलेंडरवर पुढच्या अमावास्येला गोल केलाय आणि फक्त हेदवी म्हणतायत, बाकी काही नको, दोन दिवस. @खाडीकाठी, अमावास्या म्हणजे पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. बरोबर?

खाडीकाठी

गणिताने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बारा धरा. साडेदहाला तिथे पोचा आणि उमामहेश्वराच्या देवळाकडेच थांबा, घळीच्या तोंडाशी ओल्या खडकावर कोणी जायचं नाही, तुम्ही तर नाहीच. गाडी वर लावा.